लेव्हल, पण कोणत्या रक्तातली?

किडनी प्रत्यारोपण होऊन वर्ष उलटलेल्या रुग्णाच्या टॅक्रोलिमसच्या रिपोर्टवर साधारण ५ ते ८ यांमधला एखादा आकडा असतो आणि त्याच्यापुढे एकक असते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. लेव्हल ५ धरली आणि अंगात रक्त ५ लिटर धरले, तर त्या सगळ्या रक्तात मिळून औषध भरते २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचा चाळिसावा हिस्सा. एवढ्याशा औषधाच्या आधारावर दुसऱ्याचा अवयव शरीरात नांदतो. ते कमी पडले तर शरीर अवयव नाकारण्याची भीती. जास्त झाले तर हात थरथरतात, साखर वाढते आणि ज्या किडनीसाठी हे सारे चालले आहे तिलाच इजा पोहोचते. म्हणून रुग्ण पहाटे उठून, सकाळची गोळी न घेता, रक्त द्यायला जातो आणि संध्याकाळी घरातले सगळे एकच प्रश्न विचारतात: लेव्हल किती आली?

हे पुस्तक त्या प्रश्नाच्या उत्तराविषयी आहे. पण उत्तराकडे जाण्याआधी प्रश्नातच एक दुरुस्ती सुचवायची आहे. लेव्हल किती आली, हे विचारताना ती कसल्या रक्तातली आहे हेही विचारायला हवे. प्रयोगशाळा मोजते ते नुसते औषध नसते. तांबड्या पेशी, अल्ब्युमिन, चरबी वाहणारी प्रथिने यांच्यासकट असलेल्या रक्तातले औषध मोजले जाते. रक्ताची घडण बदलली की गोळीत काडीचाही बदल न होता आकडा बदलतो. ही गोष्ट औषधशास्त्राच्या तज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे. वॉर्डातल्या राउंडपर्यंत मात्र ती क्वचितच पोहोचते. पुढच्या प्रकरणांचे प्रयोजन हेच. वाचक म्हणून डोळ्यांपुढे आहेत ते वैद्यकाचे आणि फार्मसीचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, प्रत्यारोपण समन्वयक आणि आपल्या माणसाच्या रिपोर्टांची फाइल नीट लावून ठेवणारे नातेवाईक. त्रैराशिक येत असेल तर इथले गणित अडणार नाही.

या औषधांची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्यातच पुढच्या गुंत्याचे मूळ आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दाता आणि रुग्ण यांचे जनुकीय रूप एकच असल्यामुळे प्रतिकारशक्तीला लढायला परका कोणी नव्हताच. इतरांसाठी वाट मोकळी व्हायला आणखी काळ जावा लागला. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये प्रयत्न झाला, आणि १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या किडनीचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. त्या काळी हाताशी होती ती अॅझाथायोप्रीन आणि स्टिरॉइडे. त्यांची रक्तातली पातळी मोजण्याची पद्धत नव्हती. पांढऱ्या पेशी किती उतरल्या हे बघत डोस ठरायचा.

मग मातीतून औषधे निघू लागली. नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले. त्याचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९७२ च्या सुमारास जाँ बोरेल यांच्या गटाला दिसला आणि १९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते रुग्णांना दिले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतील जिवाणूपासून फुजिसावा कंपनीने वेगळे केले. पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी १९८९ मध्ये ते यकृताच्या रुग्णांना देऊन पाहिले. तिसरे सिरोलिमस. त्याची माती ईस्टर बेटावरची, १९६४ च्या कॅनडाच्या मोहिमेत गोळा केलेली. त्यातून हे द्रव्य काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतातून कॅनडात गेलेले शास्त्रज्ञ. माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी जिवाणूचे वाण घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले आणि कंपनीचे मन वळेपर्यंत वाट पाहिली. औषधनिर्मितीच्या इतिहासात चिकाटीची उदाहरणे पुष्कळ आहेत. घरच्या फ्रीझरमध्ये राहिलेले हे मात्र आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत यायला हवे होते.

तीन खंडांतल्या या तीन द्रव्यांमध्ये एक साम्य आहे. ती एकटी काही करत नाहीत. पेशीत शिरल्यावर ती आधी एका प्रथिनाला चिकटतात आणि त्या जोडीने पुढचे काम होते. सायक्लोस्पोरिनचे जोडीदार प्रथिन सायक्लोफिलिन. टॅक्रोलिमस आणि सिरोलिमस यांचे एफकेबीपी-१२. टी-लिम्फोसाइटमध्ये सायक्लोस्पोरिनची आणि टॅक्रोलिमसची जोडी कॅल्सिन्युरिन नावाच्या विकराला अडवते, हे १९९१ मध्ये स्टुअर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. विकर अडले की इंटरल्युकिन-२ तयार करण्याचा आदेश केंद्रकापर्यंत जात नाही आणि टी-पेशींची फौज वाढत नाही. सिरोलिमसची जोडी एमटॉर नावाचे वेगळेच विकर थोपवते.

आता गंमत अशी की हीच जोडीदार प्रथिने तांबड्या पेशींमध्येही भरपूर असतात. तांबड्या पेशीला केंद्रक नाही; तिथे कुठलेही जनुक चालू किंवा बंद व्हायचे नाही. म्हणजे तिथे औषध चिकटते, पण काम करत नाही. आणि रक्तात टी-पेशींपेक्षा तांबड्या पेशी कितीतरी अधिक. परिणाम असा की टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण प्लाझ्मातल्या प्रमाणाच्या सरासरी ३५ पट असते, आणि माणसागणिक ही पट १२ पासून ६७ पर्यंत बदलते. सिरोलिमसचे गुणोत्तर ३६ च्या आसपास. सायक्लोस्पोरिन जरा कमी ओढाळ: त्याचा ४१ ते ५८ टक्के हिस्सा तांबड्या पेशींत, ३३ ते ४७ टक्के प्लाझ्मात आणि उरलेला पांढऱ्या पेशींत.

प्लाझ्मात उरलेले तरी मोकळे असते का? तेही नाही. टॅक्रोलिमसच्या बाबतीत प्लाझ्मातले जवळजवळ ९९ टक्के औषध अल्ब्युमिन आणि अल्फा-१ अॅसिड ग्लायकोप्रोटीन यांना बांधलेले असते. रिपोर्टवर ७ आला असे समजू. ३५ ने भागले की प्लाझ्मात ०.२. त्यातला एक टक्का मोकळा, म्हणजे ०.००२ नॅनोग्रॅम, किंवा २ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. पेशींच्या भिंती ओलांडून टी-लिम्फोसाइटपर्यंत जाते ते या २ पिकोग्रॅममधले. यकृतातल्या विकरांच्या हाती लागते तेही त्यातलेच, आणि किडनीला इजा करते तेही. आपण मात्र ७ मोजतो आणि ७ वरून निर्णय घेतो.

घरातली कणगी मोजून धान्य किती शिल्लक आहे ते सांगता येते; आज ताटात किती वाढले गेले ते त्यावरून कळत नाही. कणगी लहान झाली तरी ताटातली भाकरी तेवढीच राहू शकते. तांबड्या पेशी ही टॅक्रोलिमसची कणगी आहे, आणि आपली लेव्हल म्हणजे बहुतांशी कणगीचे माप.

इथे वाचक विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग सरळ प्लाझ्माच का मोजत नाहीत? आरंभी तसे केलेही जाई. अडचण आली तपमानाची. शरीरातून बाहेर काढलेले रक्त गार होऊ लागले की सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस प्लाझ्मातून तांबड्या पेशींत सरकतात. ३७ अंशांवर प्लाझ्मा वेगळा केला तर एक उत्तर, टेबलावर निवलेल्या नळीतून केला तर दुसरे. नळी किती वेळ पडून होती, खोलीत पंखा होता की वातानुकूलन, यावर औषधाची लेव्हल ठरू लागली तर त्या आकड्याला अर्थ काय? शिवाय टॅक्रोलिमस प्लाझ्मात इतके कमी की त्या वेळच्या उपकरणांना ते धड सापडतही नसे. त्यामुळे तज्ज्ञांनी एकमताने अख्खे रक्त मोजायचे ठरवले: ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचे, पेशी फोडायच्या आणि आत-बाहेरचे सगळे औषध एकत्र मोजायचे. निर्णय योग्यच होता. पण तो मापनाच्या सोयीचा निर्णय होता, शरीरक्रियेचा नव्हे, हे पुढच्या पिढ्या विसरल्या. सोय अंगवळणी पडली की तिलाच सत्य मानले जाते. वैद्यकात हे नेहमी घडते.

या विस्मरणाची किंमत सर्वांत ठळक दिसते ती हिमॅटोक्रिटच्या बाबतीत. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताच्या घनफळात तांबड्या पेशींचा टक्का. आपल्याकडच्या सीबीसी रिपोर्टवर तो बहुधा पीसीव्ही या नावाने छापलेला असतो. एक काल्पनिक रुग्ण घेऊ. पीसीव्ही ४०, टॅक्रोलिमसची लेव्हल ८, सगळे आलबेल. मग काही कारणाने पीसीव्ही २५ वर उतरला; गोळ्या तेवढ्याच, वेळा त्याच. तांबड्या पेशींतले औषध त्यांच्या संख्येच्या प्रमाणात कमी होईल असे धरले, तर लेव्हल ८ गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे ५ येईल. मोकळे औषध मात्र होते तेवढेच राहील. का? कारण यकृत मोकळ्या औषधावरच हात घालू शकते. रोज जेवढे औषध आतड्यातून आत येते तेवढेच यकृताने रोज निकालात काढले की समतोल साधतो, आणि तो समतोल मोकळ्या औषधाच्या पातळीवर ठरतो. तांबड्या पेशी किती आहेत याच्याशी यकृताला कर्तव्य नसते. औषधशास्त्राच्या भाषेत टॅक्रोलिमस हे यकृतातून एका फेरीत थोडेच निघणारे, कमी निष्कर्षणाचे औषध आहे, आणि अशा औषधांना हा नियम लागू पडतो.

आता राउंडवर काय होते? लेव्हल ८ ची ५ झाली, लक्ष्य ८. म्हणून डोस दीडपटीहून थोडा जास्त वाढवला जातो. पुढच्या आठवड्यात रिपोर्टवर ८ दिसतो आणि सगळे समाधान पावतात. पण मोकळे औषध आता ६० टक्क्यांनी वाढलेले असते. क्रिएटिनिन वर सरकते, हात थरथरतात, आणि ‘लेव्हल तर नॉर्मल आहे’ म्हणून दोष दुसरीकडे शोधला जातो. हे उदाहरण हेतुतः सोपे केले आहे. प्रत्यक्षात तांबड्या पेशींमधली जागा अमर्याद नसते. औषध वाढत गेले की ती भरत येते आणि प्लाझ्मातला वाटा वाढतो. तरीही दिशा हीच राहते.

नॉर्वेच्या एलिसाबेट स्टॉर्सेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा विचार गणिती प्रारूपात बांधला आणि मोजलेली लेव्हल ४५ टक्के हिमॅटोक्रिटला आणून वाचावी असे सुचवले. रीत अगदी साधी आहे: लेव्हलला ४५ ने गुणायचे आणि रुग्णाच्या हिमॅटोक्रिटने भागायचे. एका स्त्रीचा पीसीव्ही ३२ आणि एका पुरुषाचा ४८, दोघांचीही लेव्हल ७, असे समजा. या रीतीने तिची लेव्हल ९.८ आणि त्याची ६.६ होते. एकच आकडा, पण अंगावर पडणारे औषध निम्म्याने जास्त. स्त्रियांचा हिमॅटोक्रिट निरोगी अवस्थेतही पुरुषांपेक्षा कमी असतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. आपल्या पुस्तकांतल्या लक्ष्यपट्ट्या मात्र मोठ्या प्रमाणावर युरोप-अमेरिकेतल्या चाचण्यांवर उभ्या आहेत. उदाहरणार्थ, २००७ साली प्रसिद्ध झालेली सिम्फनी चाचणी: १,६४५ किडनी-रुग्ण आणि टॅक्रोलिमसचे लक्ष्य ३ ते ७. तिने कमी डोसाच्या बाजूने कौल दिला आणि जगभरचा शिरस्ता बदलला, हे तिचे मोठेच श्रेय. पण त्या पट्टीत हिमॅटोक्रिटचा रकाना नाही.

माझे मत असे की या सूत्राने डोस ठरवावा इतका पुरावा आज हाती नाही. मात्र घसरलेल्या लेव्हलचा अर्थ लावताना ते मनात असलेच पाहिजे. यात घाई दोन्हीकडून घातक आहे. पीसीव्ही कमी आहे म्हणून खरोखरच अपुरे असलेले औषध ‘पुरेसे’ समजणे हे नको तिथे वाढवण्याइतकेच धोक्याचे. गोळ्या चुकणे, उलट्या होणे, नवे औषध सुरू होणे ही कारणे आधी तपासायची, मग रक्ताकडे बघायचे.

प्रत्यारोपणानंतरचे पहिले तीन महिने या दृष्टीने विलक्षण असतात. डायलिसिसवरून आलेल्या रुग्णाचे रक्त आधीच कमी असते, शस्त्रक्रियेत ते आणखी उतरते. नवी किडनी चालू झाली की ती एरिथ्रोपोएटिन तयार करते आणि हिमॅटोक्रिट आठवड्यागणिक चढू लागतो. त्याच वेळी स्टिरॉइडचा डोस उतरवला जात असतो. स्टिरॉइडे टॅक्रोलिमसचा निचरा वाढवतात, म्हणून ती कमी झाली की निचराही मंदावतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो: तोच डोस, पण लेव्हल चढती. त्यातला कुठला भाग कणगी मोठी झाल्याचा आणि कुठला औषध खरेच साठल्याचा, हे वेगळे करणे म्हणजे या विद्येतला खरा अभ्यास. पुढे काही रुग्णांत उलट टोक येते. हिमॅटोक्रिट ५१ टक्क्यांच्या वर जातो, रक्त दाटते आणि एसीई-प्रतिबंधक गटातली औषधे देऊन तो उतरवावा लागतो. तिथेही लेव्हल बदलते आणि तिथेही कारण गोळीत नसते. रक्तक्षय परत आणणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत: लोहाची कमतरता, मायकोफेनोलेट, सायटोमेगॅलो विषाणूसाठीचे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, पार्व्हो विषाणूचा संसर्ग. रक्त चढवले की रिकाम्या तांबड्या पेशींचा नवा साठा येतो आणि औषध त्यांच्यात जाऊन बसते. टॅक्रोलिमस जास्त झाले तर डायलिसिसने ते काढता का येत नाही, याचेही उत्तर यातच आहे. जाळीतून पलीकडे जाईल असे मोकळे औषध असतेच किती?

मायकोफेनोलेटचे गणित वेगळे. शरीरात त्याचे मायकोफेनोलिक आम्ल होते. ते तांबड्या पेशींत जवळजवळ शिरतच नाही, म्हणून ते प्लाझ्मात मोजतात आणि हिमॅटोक्रिटची चिंता नसते. त्याचा स्वामी अल्ब्युमिन: ९७ टक्के औषध त्याला चिकटलेले. यकृताच्या रुग्णात किंवा लघवीतून प्रथिन जाणाऱ्यात अल्ब्युमिन उतरले की एकूण पातळी कमी दिसते, मोकळा वाटा वाढतो आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका वाढतो. किडनी मंद असेल तर त्याच औषधाचा साठलेला ग्लुक्युरोनाइड अवशेष अल्ब्युमिनवरची जागा बळकावून मूळ औषधाला हुसकतो.

सायक्लोस्पोरिन चरबीच्या वाहनांवर स्वार होते. प्लाझ्मात त्याचा ९० टक्के भाग बांधलेला, मुख्यतः लायपोप्रोटीनांना. १९८७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये यकृत प्रत्यारोपणाच्या रुग्णांविषयी एक निबंध आला. सायक्लोस्पोरिनमुळे मेंदूची लक्षणे, अगदी झटकेसुद्धा, झालेल्या रुग्णांत कोलेस्टेरॉल कमी आढळले होते. बांधून ठेवणारी चरबीच नव्हती, म्हणून मोजलेली लेव्हल भीतिदायक नसतानाही मेंदूला औषध जास्त पोहोचले असावे. आज सायक्लोस्पोरिन मागे पडले आहे, तरी हा निबंध विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. रक्ताची घडण आणि विषबाधा यांचा संबंध इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला आहे.

आणखी एक पेच मोजणाऱ्या यंत्राचा. टॅक्रोलिमससाठी नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षे सर्रास वापरल्या गेलेल्या मायक्रोपार्टिकल एन्झाइम इम्युनोअॅसे पद्धतीत हिमॅटोक्रिट कमी असला की आकडा खऱ्यापेक्षा मोठा निघे. म्हणजे शरीर आकडा खाली ओढी आणि यंत्र वर. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि त्या काळच्या रिपोर्टांवरून काढलेले निष्कर्ष आज जपून वाचावे लागतात. रुग्णाच्या रक्तातली काही प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या इम्युनोअॅसेला फसवतात, आणि औषध जवळपास नसतानाही लेव्हल उंच दिसल्याच्या नोंदी आहेत. द्रव वर्णलेखन आणि जोडीचे वस्तुमान वर्णपटमापन, ज्याला प्रयोगशाळेत एलसी-एमएस म्हणतात, ती पद्धत या बाबतीत सर्वांत भरवशाची. ती औषध आणि त्याचे अवशेष यांत गल्लत करत नाही. इम्युनोअॅसेचा ८ आणि एलसी-एमएसचा ८ सारखा नसतो. म्हणूनच रुग्णाला सांगायचे की पाच-पन्नास रुपयांच्या फरकासाठी प्रयोगशाळा बदलत राहू नका, आणि बदललीच तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

रक्ताच्या घडणीवर एवढा भर दिला म्हणून बाकीची कारणे लहान होत नाहीत. आपल्याकडे तर ती फार मोठी आहेत. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले की टॅक्रोलिमसची लेव्हल कोसळते आणि डोस कैक पटींनी वाढवावा लागतो. बुरशीविरोधी फ्लुकोनॅझोल किंवा रक्तदाबाचे डिल्टियाझेम ती उंच नेते. सायक्लोस्पोरिन परवडेनासे होते तेव्हा याच गुणासाठी भारतीय नेफ्रॉलॉजिस्टांनी डिल्टियाझेमचा हिशेबाने उपयोग करून रुग्णांचा खर्च वाचवला. ही आपल्या वैद्यकाची एक शहाणी काटकसर होती. ज्यांच्यात सीवायपी३ए५ हे विकर कार्यरत असते त्यांना दीड ते दोन पट डोस लागतो. पावसाळ्यात जुलाब लागले की लेव्हल कमी होईल असे सगळ्यांना वाटते, प्रत्यक्षात टॅक्रोलिमसची बहुधा वाढते, कारण त्याला आतड्याच्या भिंतीतच थोपवणारी यंत्रणा दुबळी पडते. ग्रेपफ्रूट टाळा असे माहितीपत्रकात छापलेले असते आणि ते फळ आपण फारसे खात नाही. पण गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि गोव्यात घराघरांत येणारे पपनस हे त्याचेच भाऊबंद, आणि पपनसाने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत ग्रेपफ्रूटच्या जागी पपनसाचे नाव यावे.

मोकळे औषधच का मोजू नये, हा प्रश्न या क्षेत्रात सतत पुढे येतो. पिकोग्रॅमच्या पातळीवर, प्लाझ्मा गाळून, तपमान सांभाळून मोजणे संशोधनशाळेत जमते. रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेत ते अजून परवडत नाही. दुसरा मार्ग लिम्फोसाइट वेगळ्या करून त्यांच्यातलेच औषध मोजण्याचा. तिसरा प्रयत्न रुग्णाच्या सोयीचा आहे: बोटाला टोचून कागदावर रक्ताचा थेंब वाळवायचा आणि टपालाने पाठवायचा. गडचिरोलीहून नागपूरला लेव्हलसाठी येणाऱ्याची यात एक दिवसाची मजुरी वाचेल. पण इथेही हिमॅटोक्रिट आडवा येतो. दाट रक्ताचा थेंब कागदावर कमी पसरतो, पातळ रक्ताचा जास्त. ठरावीक आकाराची चकती कापली की तिच्यातले रक्तच कमी-जास्त भरते. ठरावीक घनफळच शोषणारी छोटी टोके वापरून ही अडचण बरीच दूर झाली आहे. तांबड्या पेशींतल्या औषधाचा मूळ प्रश्न मात्र थेंब कसाही घेतला तरी राहतोच. या विषयात पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांना एवढे सांगतो की आपल्या रक्तक्षयी रुग्णांत, सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे वाहक असलेल्यांत मोकळ्या टॅक्रोलिमसचा पद्धतशीर अभ्यास करायला इथे जागा भरपूर आहे.

पुढची प्रकरणे सलग वाचलीच पाहिजेत असे नाही. तंत्रज्ञांनी मापनपद्धतींपासून सुरुवात करावी, विद्यार्थ्यांनी बंधन आणि निचऱ्यापासून. रुग्ण आणि नातेवाईक यांना रिपोर्ट वाचण्याचे प्रकरण पुरे. फक्त ते वाचून स्वतः डोस बदलू नये. लेव्हलच्या तारखेचा पीसीव्ही आणि अल्ब्युमिन आपल्या वहीत शेजारी लिहून ठेवावे, शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहावे, आणि ती वही डॉक्टरांपुढे उघडावी.

प्रयोगशाळांना एक विनंती करून ही प्रस्तावना आवरतो. टॅक्रोलिमससाठी रक्त घेतले जाते ती जांभळ्या टोपणाची नळी आणि सीबीसीची नळी एकाच जातीची. त्याच नमुन्याचा हिमॅटोक्रिट आणि मोजणीची पद्धत, या दोन गोष्टी लेव्हलच्या आकड्याशेजारी छापायला सुरुवात करावी.